बेस बदलताना बाबांची तपासणी

आमच्या विमान कंपनीने नागपूरचे वैमानिक कमी करायचे ठरवले, ही बातमी मी बाबांना मेथी निवडता निवडता सांगितली. त्यांनी काडी मोडली, पानं परातीत टाकली आणि विचारलं, "ट्रान्सफर का?"

"हो. गुवाहाटीले."

त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडली. मग म्हणाले, "क्वार्टर देते का तिथी?"

कोळशाच्या खाणीत उभा जन्म काढलेल्या माणसाचा पहिला प्रश्न हाच असणार होता. बाबा माजरीच्या खुल्या खाणीत डंपर चालवायचे. निवृत्तीनंतर कंपनीचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हा भद्रावतीच्या बाजूला त्यांनी दोन खोल्यांचं घर बांधलं. आई त्याच्या आधीच गेली होती आणि मी एकुलती एक. नागपुरात मी भाड्याच्या घरात राहायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडी काढली की दुपारच्या जेवणाला बाबांकडे. खाणीच्या कॉलनीतले जुने लोक मला 'विमानाची डायवर' म्हणायचे आणि बाबा न चुकता ते दुरुस्त करायचे. "डायवर ट्रकचा राह्यते. डंपरले ऑपरेटर म्हणते. थे बी ऑपरेटरच हाय."

वैमानिकाचा बेस म्हणजे ज्या विमानतळावरून त्याची ड्युटी सुरू होते आणि जिथे संपते ते गाव. मधल्या मुक्कामांचं खाणंपिणं, हॉटेल, गाडी सगळं कंपनी बघते. बेसवर मात्र आपण आपल्या घरी असतो असं धरलेलं असतं. घर खरोखर कुठे आहे हे कोणी विचारत नाही. कागदोपत्री त्याला होम बेस म्हणतात, आणि तो कोणता असावा हे कंपनी ठरवते. ज्येष्ठतेच्या यादीत जे तळाला असतात त्यांना आधी हलवतात. मी तळाला होते.

बाबांच्या छातीत धूळ बसली होती. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी त्याला मोठं नाव दिलं होतं, पण आम्ही धूळच म्हणायचो. सकाळ-संध्याकाळ औषधाचा पंप ओढायचा, थंडीत घराबाहेर पडायचं नाही, झोपायचं तर पाठीशी दोन उशा लावून, बसल्यासारखं. दोनदा त्यांना श्वास घेता येईना, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला फोन केला. दोन्ही वेळा मी नागपूरहून निघून त्यांना चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं होतं. काकूही तशा एकट्याच. त्यांचा मुलगा सूरजागडच्या लोहखाणीत लागला होता, महिन्यातून एखादी चक्कर मारायचा. गुवाहाटीहून मला तेवढी चक्करही मुश्किलीनेच जमणार होती. तिकडे गेले आणि बाबांना पुन्हा तसं झालं तर मी वेळेत पोचणार नाही, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही.

आमच्या करारात बेस बदलीचं एक अख्खं प्रकरण आहे. तोवर मी ते वाचलं नव्हतं, सही करताना कोण वाचतं? कंपनीच्या गरजेने बदली झाली तर सामान हलवायला सुट्टी मिळते, ट्रक कंपनीचा, नव्या गावात घर सापडेपर्यंत हॉटेल, आणि कुटुंबाला एकदा विमानाने घेऊन जाता येतं. आपल्या मर्जीने बेस बदलून मागितला तर यातलं काही नाही, आपली बॅग आपण उचलायची. शिवाय एक पोटकलम होतं. वैमानिकावर अवलंबून असलेले आई, वडील किंवा मूल इतके आजारी असतील की एकटे राहू शकत नाहीत, तर बदली वर्षभर थांबते, आणि वर्ष संपल्यावर पुन्हा तपासून मुदत वाढवता येते. त्यासाठी कंपनीने नेमलेल्या डॉक्टरने तसं लिहायला हवं. एका बदलीसाठी अर्ज एकदाच करता येतो. हे कलम मिळवायला वैमानिकांची संघटना बरीच भांडली होती म्हणे. मी ते चार-पाच वेळा वाचलं आणि मला बरं वाटलं. बाबा त्यात अगदी बसत होते.

बाबांना ते आवडलं नाही. माजरीत डिपेंडंट या शब्दाला वेगळी किंमत होती. खाणीत माणूस मेला किंवा डॉक्टरांनी त्याला अनफिट ठरवलं, तर त्याच्या घरातल्या एकाला त्याच्या जागी लावून घ्यायचे. त्या घेतलेल्याला डिपेंडंट म्हणायचे. काही बाप मुलाच्या नोकरीसाठी अनफिट व्हायला धडपडायचे, आणि काही बाप, आमच्या बाबांसारखे, फिट राहायला. मी बारावीला असताना कोणीतरी बाबांना सुचवलं होतं की आता अनफिट होऊन जा आणि पोरीला ऑफिसात चिकटवून टाक. बाबांनी त्या माणसाशी बरेच दिवस बोलणं सोडलं होतं.

फिट राहायची त्यांची पद्धत ठरलेली होती. खाणीच्या दवाखान्यात तपासणीची पाळी आली की आठवडाभर आधी बिडी बंद. डोळ्यांच्या तपासणीचा तक्ता सगळ्या कॉलनीला पाठ होता. आम्ही पोरं तो चालीवर म्हणायचो, आणि शाळेत इंग्रजी अक्षरं शिकवायला लागले तेव्हा आमच्या वर्गाने ती तक्त्याच्या क्रमाने म्हणून दाखवली होती. रांगेत उभं राहून श्वास सावकाश घ्यायचा. खोकला आला तर गिळायचा. डॉक्टरने काय त्रास आहे विचारलं की "काई नाई साहेब" म्हणायचं आणि छाती काढून उभं राहायचं. फिट निघालेल्याने त्या दिवशी आपल्या पाळीच्या लोकांना आलूबोंडे खिलवायचे. बाबांनी नोकरीतल्या प्रत्येक तपासणीनंतर खिलवले. मला यात हसायला जागा नाही. वैमानिकांचीही तपासणी असते, आणि माझ्या ओळखीतला एकही वैमानिक डॉक्टरला आपण होऊन पाठ दुखते म्हणून सांगत नाही.

शेवटी बाबा तयार झाले. "तुले इथीच राह्यचं हाय ना? मंग चाल," म्हणाले. निघताना काकूंना ओरडून सांगितलं, "आज अनफिट व्हाले चाललो." काकू हसल्या.

नागपूरपर्यंत मी गाडीत तेच तेच बोलत होते. "बाबा, खरं सांगजा. आंघोळ करतानी दम लागते ते सांगा. बसून झोपता ते सांगा. दोनदा अ‍ॅडमिट केलं ते सांगा."

"सांगतो नं."

"लपवू नका."

"अवं, सांगतो म्हटलं ना. मी का लहान हाय?"

दवाखाना चकचकीत होता, फरशीवर आपलं तोंड दिसेल असा. डॉक्टर तरुण, पुण्याकडच्या बोलीचे आणि फार सभ्य. रुग्णाशी एकट्याने बोलायचा नियम आहे म्हणून त्यांनी मला बाहेर बसवलं. बाबांची फाईल मी आत दिली. दार बंद झालं. काही वेळाने ते उघडलं आणि बाबा बाहेर आले. मागे नर्स होती. बाबा लांबच लांब वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत चालत गेले, वळले आणि परत आले. ते कुठे थांबले नाहीत, भिंतीला हात लावला नाही. त्यांची पाठ ताठ होती. आपण काय बघतो आहोत हे मला त्या क्षणी कळायला हवं होतं. मला एवढंच वाटलं की आज यांची तब्येत बरी दिसते.

पुन्हा बाहेर आले तेव्हा चेहरा फुलला होता. "निघालो फिट," ते म्हणाले. "चाल, आलूबोंडे खाऊ."

दवाखान्याच्या कँटीनमध्ये आलूबोंडा मिळत होता. त्यांनी दोन प्लेट सांगितल्या, चटणी जास्तीची मागितली आणि मला सगळं रंगवून सांगायला लागले. "त्यानं विचारलं, जिना चढता येते का? मी म्हटलं, दोन माळे. त्यानं विचारलं, कोणी मदतीले लागते का? म्हटलं, आपल्याले कोन लागते? सैपाक बी मीच करतो. यंत्रात फुकाले लावलं, तं असं फुकलं का..."

मी हातातला आलूबोंडा परत प्लेटमध्ये ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा हात प्लेटवरच राहिला.

"बाई," ते म्हणाले, "मी उलटं केलं का वं?"

मी हो म्हणून मान हलवली.

"त्यानं विचारलं आन् माह्या तोंडातून निघून गेलं. डाक्टर दिसला का मले..." ते उठले. त्या उठण्यातच त्यांना धाप लागली. "चाल, सांगतो त्याले. का मी खोटं बोललो."

आम्ही परत वर गेलो. डॉक्टरांनी आम्हाला आत घेतलं, बसवलं. बाबांनी सगळं सांगितलं: बसून झोपणं, आंघोळ, दोनदा अ‍ॅडमिट होणं, सकाळी पंप दुप्पट ओढला होता तेही. मध्ये मध्ये खोकत होते, खरंखुरं. असे बाप त्या डॉक्टरांना नेहमी भेटत असणार: कँटीनमध्ये ठणठणीत आणि खुर्चीत बसल्यावर कण्हणारे. बाबा बोलत होते आणि डॉक्टर बाबांकडे न बघता माझ्याकडे बघत होते. "फाईल मी पाहिली आहे," ते म्हणाले. "छातीत दोष आहे, तो मी लिहिलाच आहे. पण प्रश्न एवढाच होता की ते एकटे राहू शकतात का. ते मघाशी स्वतः बोलले, स्वतः चालले. आता तुम्ही खाली जाऊन आल्यावर मी वेगळं कसं लिहू?" अहवाल कंपनीकडे गेला होता. मी तरी त्यांच्या जागी काय केलं असतं, कोण जाणे. पण त्यांची ती नजर मी विसरलेले नाही. बापाला पढवून आणणारी मुलगी म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि पढवलं तर मी होतंच.

परतीच्या रस्त्यावर मला बाबांचा राग आला होता. इतका, की वरोऱ्यापर्यंत मी गिअर आपटत होते आणि कोळशाच्या प्रत्येक ट्रकला उगाच हॉर्न मारत होते. बाबा खिडकीबाहेर बघत बसले होते. मध्येच एकदा म्हणाले, "दुसरा डाक्टर नाई का?" मी म्हटलं, "एकदाच अर्ज करता येते." "तुमची युनियन काई करत नाई?" "नाई, बाबा." भद्रावती आली तोवर माझा राग निघून गेला आणि त्याच्या जागी काहीच आलं नाही. ते काहीच पुढे बरेच महिने राहिलं.

बदलीचे हक्क मी सगळे वापरले. सामान बांधायला कंपनीने पाठवलेली माणसं आली. त्यांनी माझ्या नागपूरच्या घरातला प्रत्येक कप वर्तमानपत्रात गुंडाळला, अगदी कान तुटलेलासुद्धा. मी खुर्चीवर बसून बघत होते. बदलीचं काम पाहणाऱ्या ऑफिसमधल्या बाईंचा फोन आला. "कुटुंबाची तिकिटं किती जणांची काढू मॅडम?" मी वडिलांचं विचारलं. त्यांनी नोंद पाहिली. वडील अवलंबून नाहीत असं डॉक्टरांनी लिहिलेलं होतं, आणि तिकिटाच्या कलमातलं कुटुंबही अवलंबून असलेलंच होतं. "मग एकही नाही ना?" त्यांनी खात्री करून घेतली. "एकही नाही," मी म्हटलं.

तिकीट माझं मी काढलं असतं, प्रश्न तिकिटाचा नव्हता. बाबांना मी विचारलं. ते म्हणाले, "तिथी मी कोणासंग बोलू? तू चार-चार दिवस घरी नाई. इथी काकू हाय, चौकात चार माणसं हाय. तू जाय. मी काई मरून नाई राह्यलो." मग म्हणाले, "चूक माही हाय. तू काऊन तोंड पाडून बसली?" मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांचे पंप मोजून डब्यात भरले, काकूंना माझा नवा नंबर दिला आणि निघाले.

गुवाहाटीला हॉटेलच्या खोलीतून नदी दिसायची. पहिले काही दिवस मी तिच्याकडे बघत जेवायचे आणि काय जेवले ते विसरायचे. नंतर घर मिळालं. नागपूरचे कप आले, एकही फुटला नव्हता. काम चांगलं चाललं होतं. मी चुका करत नव्हते. सोबतचे कॅप्टन म्हणायचे, तू फार शांत आहेस, आणि ते कौतुक होतं.

बेसपासून दूर घर असलं की सुट्टी प्रवासात जाते. ड्युटीच्या आधीची विश्रांती बेसवरच घ्यावी लागते, आणि घरी जाणं-येणं हा ज्याचा त्याचा मामला. रिकामी सीट असेल तर बसायचं, नसेल तर विमानतळावर वाट बघायची. दोन दिवस सुट्टी मिळाली तरी कोलकाता, नागपूर आणि पुढचा रस्ता करून बाबांच्या वाट्याला एक दुपार यायची. त्या दुपारी ते मुद्दाम उभं राहून भाकरी थापायचे. "बसा ना, बाबा." "बसूनच तं राह्यतो दिवसभर."

बाकी सगळं फोनवर. कसे आहात म्हटलं की "मस्त." मी शब्दांकडे लक्ष देणं सोडलं. एका श्वासात ते किती बोलतात ते ऐकायला लागले. आधी अख्खं वाक्य यायचं. पावसाळा संपता संपता ते मध्ये थांबायला लागले आणि थांबलं की म्हणायचे, "नेटवर्क नाई."

ऑक्टोबरात चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर सोहळा असतो. दरवर्षी आम्ही दोघं जायचो. बाबा पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घालायचे आणि गर्दीत मला लहानपणासारखं मनगटाला धरायचे. त्या वर्षी माझी ड्युटी होती. बाबा काकूंसोबत ऑटोने निघाले आणि अर्ध्या रस्त्यातून परत आले. हे मला काकूंनी सांगितलं. बाबांना विचारलं तर म्हणाले, "गर्दी लय होती."

मी बदली परत मागितली. नागपुरात जागा झाली तर तुमचा विचार होईल, असं उत्तर आलं. ते उत्तर बरोबरच होतं. करारात तेच लिहिलेलं आहे.

थंडीत बाबा गेले. दुपारची वेळ होती. मी दिब्रुगढला होते, एक फेरी झाली होती आणि परतीची बाकी होती. कॅप्टन खाली उतरून विमानाभोवती फेरी मारत होते, टायर बघत होते. मी फोन सुरू केला, तर काकूंचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. लावला. पलीकडे आधी नुसतं रडणं आणि मागे रस्त्याचा आवाज.

"बाई, बाबा गेले वं," काकू म्हणाल्या. "गाडी बोलावली, चंद्रपूरले नेऊन राह्यलो होतो. रस्त्यातच..." मग म्हणाल्या, "सकाळपासून तुले फोन लावतो म्हणत होती मी. त्यायनं लावूच नाई देला. म्हणे, थे विमानात हाय, तिले तरास नको देऊ."

मी म्हटलं, "बरं, काकू." खाली उतरून कॅप्टनना सांगितलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तू आता उडायचं नाहीस असं म्हणाले. दुसऱ्या वैमानिकाची सोय करायला ते फोन लावू लागले. प्रवासी ताटकळणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी बाजूला होऊन ऑफिसला फोन केला. बदलीच्या वेळी बोलल्या होत्या त्याच बाई. मी वडील गेल्याचं सांगितलं आणि रजा मागितली. त्या खरंच हळहळल्या. "आई-वडिलांसाठी लगेच मंजूर होते, मॅडम," त्या म्हणाल्या. "आणि घरापर्यंतचं तिकीट कंपनी देते. कन्फर्म सीट, वाट बघायची गरज नाही. आजच्याच विमानात घालते तुम्हाला."

"पण ते माझ्यावर अवलंबून नव्हते," मी म्हटलं. "तसं डॉक्टरांनी लिहून दिलंय. तुमच्याकडे नोंद असेल."

पलीकडून कीबोर्डचा आवाज आला. काहीतरी उघडून वाचत असाव्यात.

"या कलमात तशी अट नाहीये, मॅडम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "यात फक्त वडील असावे लागतात."

"होते," मी म्हणाले.